तुलना काढावी की टाइप बदलावा? कर्नलच्या क्लीनअप पॅचमधील साइन्ड-अनसाइन्डचे घोटाळे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स कर्नलच्या एका जुन्या ड्रायव्हरवर आपण कॉक्सिनेल या सोर्समधील ठरावीक चुका शोधणाऱ्या साधनाची तपासणी चालवली, तेव्हा अनसाइन्ड संख्येची शून्याशी तुलना होत असल्याचे दोन इशारे मिळाले. अनसाइन्ड संख्या शून्याहून लहान असूच शकत नाही, म्हणून त्या दोन्ही तुलना निरुपयोगी समजून आपण काढून टाकल्या. हात फिरतोच आहे तर एका लूपमधला मोजणीचा व्हेरिएबलही एकसारखेपणासाठी अनसाइन्ड केला आणि पॅचच्या वर्णनात ‘वर्तनात कोणताही बदल नाही’ असे लिहिले. मेंटेनरने, म्हणजे त्या भागाचे पॅच तपासून स्वीकारणाऱ्याने, ‘आधी टाइप पाहा’ एवढ्याच शेऱ्यानिशी तो परत पाठवला. जी तुलना कधी खरी ठरूच शकत नाही ती काढण्यात चूक काय, असे आपण विचारता.

आपल्या पॅचमध्ये तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. पहिल्या ठिकाणी आपण एक जुनी चूक झाकली, दुसऱ्या ठिकाणी केलेला बदल योग्य आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी आधी नसलेली चूक नव्याने आली आहे. मेंटेनरने तिन्हींना मिळून एकच शेरा दिला, कारण तिन्हींचे उत्तर एकाच प्रश्नात आहे: ती संख्या ऋण असावी असे मूळ लेखकाला अभिप्रेत होते का?

पहिली तुलना इंटरप्टच्या, म्हणजे उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी देते त्या संकेताच्या, क्रमांकाची आहे. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू() हे फंक्शन यशस्वी झाले तर इंटरप्टचा क्रमांक देते आणि अपयशी ठरले तर ऋण एरर कोड देते. कर्नलमधील बहुतेक फंक्शनांचा हाच रिवाज आहे: मेमरी मिळाली नाही तर -१२, पॅरामीटर चुकीचा असेल तर -२२, आणि ज्या दुसऱ्या उपकरणावर आपले उपकरण अवलंबून आहे त्याचा ड्रायव्हर अजून उभा राहिला नसेल तर -५१७, म्हणजे ‘थोड्या वेळाने पुन्हा विचारा’. आपल्या ड्रायव्हरने हे उत्तर थेट स्ट्रक्चरमधील एका अनसाइन्ड इंट सदस्यात ठेवले आणि मग तो सदस्य शून्याहून लहान आहे का असे विचारले. -५१७ त्या जागेत शिरताच ४२९४९६६७७९ होतो, तुलना खोटी ठरते, आणि ड्रायव्हर हा अवाढव्य क्रमांक घेऊन इंटरप्टची नोंदणी करायला जातो. असा इंटरप्ट अस्तित्वातच नसल्यामुळे नोंदणी -२२ देऊन परत येते. वरवर पाहता काही बिघडले नाही, कारण एरर आली आणि ड्रायव्हर थांबला. मात्र मूळ निरोप ‘पुन्हा विचारा’ असा होता आणि कर्नलपर्यंत पोहोचलेला निरोप ‘पॅरामीटर चुकीचा’ असा आहे. त्यामुळे कर्नल या उपकरणाकडे पुन्हा वळतच नाही. ड्रायव्हर ज्या क्रमाने सुरू होतात त्यावर हे अवलंबून असल्याने एका बोर्डवर उपकरण नेहमी दिसते, दुसऱ्यावर कधीच दिसत नाही, आणि तिसऱ्यावर कधी दिसते तर कधी नाही. अशी तक्रार आली की लोक आधी हार्डवेअरवर संशय घेतात.

आता आपल्या पॅचकडे पाहू. ती तुलना कधीच खरी ठरू शकत नाही हे कंपायलरलाही कळते, म्हणून तो तिच्यासाठी सूचनाच निर्माण करत नाही. आपण ती काढल्यावर तयार होणारी ऑब्जेक्ट फाइल पूर्वीसारखीच राहील, त्यामुळे ‘वर्तनात बदल नाही’ हे आपले विधान अक्षरशः खरे आहे. धोका नेमका त्यातच आहे. चूक होती तशीच राहिली, आणि येथे एरर तपासायची होती हे सांगणारी एकमेव खूण मात्र सोर्समधून पुसली गेली. शिवाय कॉक्सिनेलचा हा नियमही आता येथे गप्प बसेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

योग्य दुरुस्ती अशी की फंक्शनमध्ये एक साधा इंट (म्हणजे साइन्ड, ऋण मूल्यही घेणारा) व्हेरिएबल घ्यावा, उत्तर त्यात घ्यावे, ते ऋण असेल तर तेच उत्तर जसेच्या तसे परत करावे (त्याऐवजी स्वतःच्या पसंतीचा -२२ देऊ नये), आणि तपासणी पार पडल्यावरच ते स्ट्रक्चरच्या सदस्यात ठेवावे. सदस्याचाच टाइप बदलून इंट करण्याचा मोह होईल. तो सदस्य एका हेडरमधून अनेक ड्रायव्हर वापरत असतील, किंवा त्याची मांडणी फर्मवेअरशी अथवा वापरकर्त्याच्या प्रोग्रामशी ठरलेली असेल, तर एका ओळीचे काम दहा फाइलींचे होऊन बसते. स्थानिक व्हेरिएबल स्वस्त पडतो.

याच घराण्यातला एक प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्यात शून्याशी तुलना दिसतच नाही. कर्नलमध्ये आयएस_एरर_व्हॅल्यू नावाचा एक मॅक्रो आहे. दिलेली संख्या अनसाइन्ड लाँगच्या अगदी वरच्या टोकाच्या ४०९५ मूल्यांपैकी आहे का, एवढेच तो पाहतो. पॉइंटरच्या रुंदीच्या संख्येसाठी हे बरोबर आहे. पण ६४ बिटच्या यंत्रावर त्याला ३२ बिटची अनसाइन्ड संख्या दिली, तर ती रुंद होताना वरचे ३२ बिट शून्याने भरले जातात आणि एरर कधीच ओळखली जात नाही. ३२ बिटच्या यंत्रावर तोच कोड बिनचूक चालतो, म्हणून अनेक वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. २०१६ च्या मे महिन्यात कर्नल विकासक आर्न्ड बर्गमान यांनी या मॅक्रोचे असे अस्थानी वापर मोठ्या संख्येने काढून त्या जागी साधी ‘शून्याहून लहान’ ही तुलना आणली. तो क्लीनअपच होता, पण प्रत्येक जागी टाइप पाहून केलेला.

आपली दुसरी तुलना वाहिनीच्या क्रमांकाची आहे: क्रमांक शून्याहून लहान किंवा १५ हून मोठा असेल तर एरर द्या. क्रमांक यू८ (८ बिटचा अनसाइन्ड) आहे, तो रजिस्टरमधून येतो, आणि कोणतेही फंक्शन त्यात एरर कोड ठेवत नाही. येथे पहिला अर्धा भाग खरोखरच फालतू आहे आणि तो काढणे योग्य आहे. मात्र तो ठेवला असता तरी मी हरकत घेतली नसती, कारण ‘शून्य ते १५’ ही मर्यादा त्यातून एका नजरेत वाचता येते, आणि उद्या कोणी त्या व्हेरिएबलचा टाइप इंट केला तर तीच तुलना आपोआप कामाला लागते. जीसीसी या कंपायलरचे असे इशारे कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये बंद ठेवलेले आहेत त्यामागे हेच कारण आहे. टाइपच्या मर्यादेविषयीचा इशारा बिल्डला डब्ल्यू=२ हा जादा इशाऱ्यांचा पर्याय दिल्यावर आणि साइन्ड-अनसाइन्ड तुलनेचा इशारा डब्ल्यू=३ दिल्यावरच दिसतो. त्यातील दुसऱ्यावर कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वेळोवेळी कडक टीका केलेली आहे. तो सरसकट शांत करायला निघालेला माणूस जागोजागी कास्ट (टाइप बळजबरीने बदलण्याची सूचना) पेरत जातो, आणि कास्ट म्हणजे कंपायलरच्या तोंडावर ठेवलेला हात. पुढे खरोखर काही चुकले तरी तो बोलू शकत नाही.

कोणत्या इशाऱ्यावर तुलना काढावी आणि कोणत्यावर टाइप बदलावा, हे ओळखायला माझ्या मते एकच मार्ग आहे: ते मूल्य जेथे जन्मते तेथपासून ते जेथे शेवटचे वापरले जाते तेथपर्यंत बोट धरून चालत जाणे. वाटेत प्रत्येक ठिकाणी टाइप लिहून काढावा. हे कंटाळवाणे काम आहे, आणि क्लीनअप करणारा बहुधा तेवढेच टाळतो. ते टाळल्यावर काय होते याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण परफ या कामगिरी मोजणाऱ्या उपप्रणालीतील आहे.

२०१० मध्ये परफच्या कोडची फेरमांडणी झाली. निरनिराळ्या मोजणी-यंत्रणांनी स्वतःची नोंदणी एका समान पद्धतीने करावी, असा तिचा हेतू होता. वापरकर्त्याकडून येणारा ‘कॉन्फिग’ हा आकडा ६४ बिटचा अनसाइन्ड आहे. फेरमांडणीनंतर तो सुरुवातीच्या फंक्शनमध्ये एका साध्या इंटमध्ये घेतला जाऊ लागला, आणि त्यानंतरची तपासणी फक्त वरच्या मर्यादेची होती: आकडा अमुक इतका किंवा त्याहून मोठा असेल तर नकार द्या. इंटमध्ये आल्यावर हा आकडा ऋण होऊ शकतो, आणि ऋण आकडा वरच्या मर्यादेखालून निवांत निघून जातो. मग तोच आकडा एका ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरून तेथील मोजणी एकाने वाढवली जाई. ॲरेच्या आधीच्या मेमरीत, म्हणजे कर्नलच्या भलत्याच जागी, ही वाढ होत असे.

एवढ्यावर हे थांबत नाही. काम संपल्यावर मोजणी एकाने कमी करणाऱ्या फंक्शनमध्ये तोच आकडा यू६४ (६४ बिटचा अनसाइन्ड) म्हणूनच वाचला जात होता. म्हणजे वापरकर्त्याने ४२९४९६७२९५ हा आकडा दिला, तर वाढवताना तो -१ असे आणि कमी करताना खरोखरच ४२९४९६७२९५ असे. वाढ एका पत्त्यावर आणि घट त्यापासून फार दूरच्या पत्त्यावर होई. ६४ बिटच्या एक्स८६ यंत्रावर कर्नलचे पत्ते अगदी वरच्या टोकाला असतात, त्यामुळे एवढा मोठा इंडेक्स मिळवला की बेरीज गुंडाळून वापरकर्त्याच्या स्वतःच्या मेमरीत उतरते. हल्लेखोराने तेथे आधीच आपली मेमरी मांडून ठेवली असेल, तर कोणता शब्द एकाने कमी झाला हे पाहून त्याला कर्नलमधील ॲरेचा ठावठिकाणा लागतो, आणि मग हवी ती जागा तो एकेकाने वाढवू शकतो. साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होण्यासाठी एवढे पुरेसे ठरले. ही चूक २.६.३७ या आवृत्तीत आली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये ट्रिनिटी या फझरने (यादृच्छिक मागण्यांचा मारा करून चुका शोधणाऱ्या साधनाने) ती उघडी पाडली. सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीत ती सीव्हीई-२०१३-२०९४ या क्रमांकाने ओळखली जाते. दुरुस्ती एका शब्दाची होती: इंटच्या जागी यू६४. वाढवणारे आणि कमी करणारे फंक्शन शेजारी शेजारी ठेवून कोणी टाइप वाचले असते, तर ती दुरुस्ती पहिल्याच रिव्ह्यूमध्ये झाली असती.

यावरून ‘मग सगळेच अनसाइन्ड करून टाकावे’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, आणि आपल्या लूपमागेही तोच विचार दिसतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. फाइलसिस्टिम माउंट करताना दिलेले पर्याय एका पानाएवढ्या बफरमध्ये जोडत जाणारा कोड २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत आला. नवीन पर्यायाची लांबी ही ‘पानाचा आकार वजा २ वजा आतापर्यंत भरलेली जागा’ याहून मोठी असेल तर नकार द्यायचा, अशी त्यात तपासणी होती. सगळी पदे अनसाइन्ड होती. पान ४०९६ बाइटचे आणि भरलेली जागा ४०९५ असेल, तर वजाबाकीचे उत्तर -१ न येता अनसाइन्ड लाँगमधील सर्वांत मोठी संख्या येते, आणि कोणतीही लांबी तपासणीतून पार होते. कंटेनरमधून, म्हणजे प्रोग्रामला बंदिस्त ठेवणाऱ्या कप्प्यातून, बाहेर पडण्यासाठी वापरता येईल असे हे भगदाड २०२२ च्या जानेवारीत सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने जाहीर झाले. दुरुस्तीत कोणताही टाइप बदललेला नाही. वजाबाकी उलटून बेरीज केली, म्हणजे ‘भरलेली जागा अधिक लांबी अधिक २’ हे पानाहून मोठे आहे का, असे विचारले. अनसाइन्ड संख्यांची वजाबाकी तुलनेच्या एका बाजूला दिसली की मी आजही तेथे थांबतो.

तिसऱ्या तऱ्हेची चूक तर दोन्ही टाइप अनेक वर्षे जागच्या जागी असताना होते. डिरेक्टरीचा मार्ग बफरमध्ये लिहिणारे एक फंक्शन बफरचा आकार इंट म्हणून घेत असे. २०१४ पर्यंत त्यात काही बिघडण्याची शक्यता नव्हती, कारण तो बफर केमॅलॉक या सलग मेमरी देणाऱ्या फंक्शनने मिळे आणि केमॅलॉक २ जीबी देऊच शकत नाही. ३.१६ आवृत्तीत, मोठी मागणी फसू नये म्हणून, तेथे व्हीमॅलॉकचा (सुट्या पानांतून मोठी मेमरी देणाऱ्या फंक्शनचा) पर्यायी मार्ग जोडला गेला. आता १ जीबीहून लांब मार्ग तयार करून माउंट करणाऱ्याला २ जीबीचा बफर मिळू लागला, आणि तो आकार इंटमध्ये शिरताना ऋण झाला. क्वालिस या सुरक्षा कंपनीने २०२१ च्या जुलैमध्ये ‘सिक्वोया’ या नावाने जाहीर केलेली चूक ती हीच. ज्याने व्हीमॅलॉक जोडले त्याने त्या इंटला स्पर्शही केला नव्हता. म्हणून क्लीनअपमध्ये एखादी मर्यादा ‘आता गरजेची नाही’ असे म्हणत आपण काढतो, तेव्हा तिच्या आडोशाला कोणता अरुंद टाइप उभा आहे हे पाहायला हवे.

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक वेळा होणारी चूक मात्र याहून कितीतरी साधी असते, आणि ती नेमकी चांगल्या हेतूने होते. यूएसबी ड्रायव्हरमध्ये मिळालेल्या बाइटची संख्या १८ हून कमी आहे का, असे लिहिलेले असते. हा उघडा आकडा खटकतो, म्हणून त्या जागी डिव्हाइस डिस्क्रिप्टरचा (उपकरणाची ओळख देणाऱ्या नोंदीचा) साइझऑफ, म्हणजे बाइटमधील आकार, लिहिला जातो. त्याचे मूल्यही १८ च आहे, त्यामुळे पॅच निष्पाप दिसतो. पण १८ हा इंट होता आणि साइझऑफचे उत्तर अनसाइन्ड आहे. सी भाषेच्या नियमाप्रमाणे तुलना आता अनसाइन्डमध्ये होते, -३२ ही एरर १८४४६७४४०७३७०९५५१५८४ होऊन बसते, आणि ती १८ हून कमी नसल्याने अपयश यश म्हणून पुढे जाते. ॲरे_साइझ या ॲरेतील घटक मोजणाऱ्या मॅक्रोचीही तीच गत. येथे आधी ऋण आहे का ते पाहावे आणि नंतर लांबी पाहावी. शक्य असेल तेथे ५.१० पासून उपलब्ध असलेले यूएसबी_कंट्रोल_मेसेज_रिसीव्ह वापरावे, कारण ते शून्य किंवा ऋण एवढेच उत्तर देते आणि अपुरी माहिती आली तर स्वतःच एरर देते. डॅन कार्पेंटर यांचे स्मॅच हे साधन अशा तुलना शोधून देते. पाठवण्यापूर्वी ते एकदा चालवावे.

‘कारण नसलेले’ कास्ट काढण्याविषयीही एक सूचना करतो. जिफीज हा कर्नलचा टिक मोजणारा काउंटर अनसाइन्ड आहे, आणि दोन वेळांची तुलना करणारा टाइम_आफ्टर हा मॅक्रो त्यांची वजाबाकी मुद्दाम साइन्ड लाँगमध्ये नेऊन ऋण आहे का ते पाहतो. ३२ बिटच्या यंत्रावर सेकंदाला १००० टिक असतील तर हा काउंटर सुमारे ४९.७ दिवसांत गुंडाळून शून्यावर येतो, आणि तेव्हा उत्तर बरोबर येण्याचे सारे श्रेय त्या कास्टला असते. तो कास्ट काढल्याची चूक चाचणीत ५० दिवस थांबल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून कर्नल हा काउंटर शून्यापासून न सुरू करता शून्याच्या ३०० सेकंद आधीपासून सुरू करतो. गुंडाळण्याचा प्रसंग यंत्र सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत येतो. ही युक्ती मला फार आवडते.

साध्या कॅरेक्टर टाइपचा घोळही आता वेगळ्या रूपात आहे. पूर्वी तो एक्स८६ वर साइन्ड आणि आर्मवर अनसाइन्ड असे. ६.२ आवृत्तीपासून संपूर्ण कर्नलमध्ये तो अनसाइन्ड धरला जातो. एखाद्या जुन्या ड्रायव्हरने वायरलेस सिग्नलचे ऋण मूल्य त्यात ठेवले असेल, तर तेथे एस८ (८ बिटचा साइन्ड) असे स्पष्ट लिहावे. इंटच्या जागी ईनम (नावे दिलेल्या संख्यांचा टाइप) आणणारे क्लीनअपही तपासावेत, कारण ज्या ईनममध्ये ऋण सदस्य नाही तो जीसीसी अनसाइन्ड धरते, आणि आपल्या पहिल्या तुलनेसारखीच एक मृत तुलना जन्माला येते.

आता राहिला आपला लूप. पाच बफर मिळवायचे, मध्येच एखादा मिळाला नाही तर तोवर मिळालेले उलट क्रमाने परत करायचे, आणि त्यासाठी ‘आधी एकाने कमी करा, शून्य किंवा मोठा असेतो चालवा’ अशी अट. व्हेरिएबल इंट असताना तो शून्यानंतर -१ होतो आणि लूप थांबतो. अनसाइन्ड केल्यावर तो शून्यानंतर ४२९४९६७२९५ होतो, अट कायमच खरी राहते, आणि ड्रायव्हर ॲरेबाहेरचे भलतेच पॉइंटर परत करू लागतो. हीच चूक मी स्वतः एकदा केली आहे, आणि ती कित्येक महिने लपून राहिली, कारण मेमरी न मिळण्याचा प्रसंग माझ्या टेबलावर कधी आलाच नाही. दूरच्या एका कमी मेमरीच्या बोर्डवर तो आला. म्हणून या मार्गाची चाचणी घ्यायची असेल तर कर्नलमधील फॉल्ट इंजेक्शन सुरू करून फेलस्लॅबकडून मेमरीची मागणी मुद्दाम फसवावी. व्हेरिएबल अनसाइन्डच हवा असेल तर अट ‘आय वजा-वजा’ एवढीच ठेवावी. त्यात आधी शून्याशी तुलना होते आणि मग एक कमी होतो, त्यामुळे ती दोन्ही टाइपमध्ये बरोबर चालते. आपल्या ड्रायव्हरमध्ये मात्र तो इंटच राहू द्यावा, कारण पाचापर्यंत मोजणाऱ्या व्हेरिएबलला अनसाइन्ड करून काहीच पदरात पडत नाही.

पुढील आवृत्ती दोन पॅचमध्ये पाठवावी. पहिला पॅच इंटरप्टच्या दुरुस्तीचा. त्याच्या वर्णनात -५१७ चे काय होत होते ते एका परिच्छेदात लिहावे, चूक ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली तो शोधून त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरे फिक्सेस या टॅगमध्ये द्यावीत, आणि त्यात दुसरे काहीही मिसळू नये, म्हणजे स्टेबल (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या आवृत्त्यांच्या) शाखांमध्ये तो सुटा उचलता येईल. दुसरा पॅच वाहिनीच्या तुलनेचा. ‘वर्तनात कोणताही बदल नाही’ हे वाक्य त्यात खुशाल लिहावे, पण आधी दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींचा ऑब्जडंप (यंत्रसूचनांची वाचता येणारी यादी) काढून शेजारी ठेवावा.